आमच्या घराण्याची हनुवटी

“काका, तुमची दाढी जरा वर धरता का?” हेरवाडकर मॅडम म्हणाल्या.

आप्पांचा चेहरा असा झाला, जणू भर बाजारात त्यांना कुणी धोतर सोडायला सांगितलंय. दोन्ही हात आपोआप दाढीवर गेले.

“माझी? मॅडम, पेशंट ही हाय. माझी पोरगी. मी नुसता सोबतीला आलोय.”

“ते कळलं मला. पण मघाशी मी हिला तपासत होते, तेव्हा तुम्ही बाहेरच्या बाकावर झोपला होता. तुमचं घोरणं इथे आतपर्यंत येत होतं.”

“जरा डोळा लागला. दुपारची वेळ.”

“घोरण्याचं काही नाही. मधेच घोरणं थांबत होतं, ते मला आवडलं नाही. एकदा तर मी वीस आकडे मोजले, तेव्हा कुठे तुम्ही दचकून श्वास घेतलात. म्हणून म्हणते, हनुवटी बघू दे.”

“हनुवटी हाय की,” आप्पा म्हणाले. “दाढीच्या आत.”

मीही खुर्चीतून मान लांब केली. चोवीस वर्षं मी या माणसाच्या घरात वाढले होते, पण त्यांची हनुवटी कधी पाहिली नव्हती.

गोष्ट वीस वर्षांपूर्वीची, मिरजेतली. आमचं घर दोन मजली. खाली रस्त्याला लागून आप्पांचं सलून आणि वरच्या खोलीत माझं पार्लर. खाली आप्पा नवरदेव तयार करायचे, वर मी नवऱ्या. लग्नसराईत कधी कधी एकाच लग्नातले दोघंही आमच्या जिन्यात एकमेकांना भेटायचे आणि ओळखायचे नाहीत.

आप्पांच्या हातात कला होती, आणि त्या कलेची जाहिरात म्हणजे त्यांची स्वतःची दाढी. गालांवर बारीक, खाली दाट, टोकाला किंचित पुढे वळवलेली. बघणाऱ्याला वाटायचं, काय करारी माणूस आहे! “हाडं देवाच्या हातात, केस आपल्या हातात,” आप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे. “आणि बघणारा केसच बघतोय.” माझे आजोबा वारले, त्यांचे दिवस झाले आणि आप्पांनी दाढी राखली. लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं. म्हणजे आईनंसुद्धा त्यांना दाढीशिवाय पाहिलेलं नव्हतं.

मला दाढी येत नव्हती, एवढीच माझी अडचण होती. कारण मला हनुवटी नव्हती. समोरून बघितलं तर चेहरा बरा. बाजूनं बघितलं, की खालचा ओठ संपला आणि लगेच गळा सुरू. आईच्या मते याचं कारण होतं सूर्यग्रहण. मी पोटात असताना तिनं ग्रहणात विळीवर दोडका चिरला होता. फक्त एक दोडका. त्या दोडक्यानं माझी हनुवटी कापली, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून कुठलंही ग्रहण असो, चंद्राचं असो वा सूर्याचं, इथं दिसो वा अमेरिकेत, आई पाण्याचा घोट घेत नसे.

मी मात्र देवाचीही वाट बघत नव्हते आणि ग्रहणाचीही. माझ्याकडे पावडर होती. हनुवटीच्या खाली गडद रंग, टोकावर उजळ, कडा बोटानं पुसून टाकायच्या, की लांबून हनुवटी दिसते. कितीतरी नवऱ्यांना मी अशा हनुवट्या काढून दिल्या होत्या. त्या वर्षी मे महिन्यात जयसिंगपूरचं स्थळ मला बघायला आलं, तेव्हा स्वतःलाही एक काढली. चहा आणेपर्यंत ती शाबूत होती. मग लाइट गेली, पंखा थांबला आणि मला घाम सुटला.

“अगं बाई,” मुलाची मावशी पुढे वाकून म्हणाली, “मुलीला हनुवटीच नाही की!”

तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. कपाचा कान तुटलाय, हे दुकानदाराच्या लक्षात आणून द्यावं, तसं ती म्हणाली. मुलगा चकलीचं निरीक्षण करत राहिला. आई पदराच्या टोकाशी चाळा करू लागली. आप्पांनी दाढी कुरवाळली आणि पाऊस यंदा लवकर येईल, असं काहीतरी म्हणाले.

मंडळी गेल्यावर मी तोंड धुतलं आणि सांगून टाकलं, “मी ऑपरेशन करून घेणार.”

हेरवाडकर मॅडमचं नाव मला पार्लरमध्ये येणाऱ्या एका नर्सनं सांगितलं होतं. जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर, सांगली-मिरजेत त्यांच्यासारखं कुणी नाही म्हणे. आईनं परवानगी दिली, पण एका अटीवर. “काय करायचं ते दिवाळीच्या आत. दिवाळीत इचलकरंजीचं स्थळ येणार हाय.”

तर मॅडमनी आधी मला तपासलं होतं. तोंड उघडायला लावलं, मिटायला लावलं, बाजूनं एक्स-रे काढला आणि पहिला प्रश्न भलताच विचारला.

“पेरू कसा खातेस?”

“चिरून.”

“अख्खा पेरू समोरच्या दातांनी तोडता येतो?”

मी विचारात पडले. मला वाटायचं, सगळेच चिरून खातात. माझे वरचे दात खालच्या दातांच्या इतके पुढे होते, की समोरासमोर ते कधी भेटतच नसत. खालचे दात टाळूला टोचत. तेही मला सगळ्यांचं होतं असंच वाटायचं.

मॅडम टेबलावरची कवटी जवळ ओढून समजावू लागल्या. त्यांची समजावण्याची रीत छान होती, भाजी घ्यायला आलेल्या बाईला भाजीवाली एकेक जुडी दाखवते तशी.

“एक म्हणजे, हनुवटीवर कातडीच्या आत एक पाचर बसवायची. सिलिकॉनची. तासाभराचं काम, आठवड्यात तू कामाला. चेहरा बाजूनं चांगला दिसेल. जबडा आहे तिथेच राहील, दात आहेत तिथेच राहतील.”

“दुसरं?”

“दुसरं, हनुवटीच्या टोकाचं हाड आडवं कापायचं, पुढे सरकवायचं आणि प्लेट लावून स्क्रूनं पक्कं करायचं. हाड तुझंच, म्हणून ते जास्त टिकाऊ. पण यातही दात जागेवरच.”

“आणि तिसरं?”

“तिसरं म्हणजे अख्खा खालचा जबडा पुढे आणायचा. दातांसकट. टेबलाचा खण पुढे ओढतो ना, तसा.” त्यांनी खरोखरच खण ओढून दाखवला. “तोंडाच्या आतूनच दोन्ही बाजूंना हाड चिरायचं, खण पुढे घ्यायचा, प्लेटा बसवायच्या. बाहेर व्रण नाही. पण आधी दातांना तारा, साधारण दीड वर्ष. ऑपरेशननंतर दीड महिना पेज, सूप, दूध. खालच्या ओठाची नस तिथूनच जाते, त्यामुळे ओठ काही महिने बधिर राहतो. क्वचित कुणाचा थोडासा कायमचाही राहतो. हे मी आधीच सांगून ठेवते.”

“दिवाळीच्या आत यातलं काय होईल?”

“पहिली दोन. पण तुझा दोष हनुवटीचा नाही, जबड्याचा आहे. पहिल्या दोन्हींत मी फक्त तुझा फोटो सुधारेन.”

मी मनात पाचरेवर खूण केली. मला फोटोच सुधारायचा होता. मीच लोकांना खोट्या हनुवट्या काढून देत होते. तीच हनुवटी न पुसणारी मिळत असेल, तर तक्रार कसली?

इतकं झालं आणि बाहेरून आप्पांचं घोरणं आलं. मॅडम बोलता बोलता थांबल्या, डोकं एका बाजूला कलतं करून ऐकत राहिल्या आणि शेवटी त्यांनी आप्पांना आत बोलावलं.

आप्पांनी दाढी काही वर धरली नाही. मॅडमनीच पेन्सिलीच्या टोकानं ती हलकेच उचलली, कुंडीतलं पान उचलून खालची कीड बघावी तशी. मग त्यांनी आप्पांना एक्स-रेला पाठवलं. थोड्या वेळानं भिंतीवरच्या दिव्यावर दोन एक्स-रे शेजारी शेजारी लागले. बाजूनं घेतलेल्या दोन कवट्या. नाक, दात, आणि मग खाली... दोन्हींत तीच उतरंड.

“यातला माझा कुठला?” मी विचारलं.

“हेच मी विचारणार होते,” मॅडम म्हणाल्या. “नाव वाचल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही.”

आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

मॅडमनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. रात्री घुसमटून जाग येते का? सकाळी डोकं दुखतं का? दिवसा बसल्या बसल्या झोप लागते का? आप्पा प्रत्येक प्रश्नाला “न्हाई” म्हणत होते आणि मी त्यांच्या पाठीमागून “हो” म्हणत होते.

“तुमचे वडील घोरायचे?”

“घोरायचे तर! गल्लीला गजर लावायची गरज नव्हती,” आप्पा जरा खुलले. “पण पुण्यवान माणूस. दुकानात खुर्चीत बसल्या बसल्या दुपारी झोपेत गेले. काही त्रास न्हाई.”

“वय किती होतं?”

“चोपन्न.”

“आणि तुमचं?”

“बावन्न,” आप्पा म्हणाले. आमच्या घरात आजोबांचं ते मरण इतक्या अभिमानानं सांगितलं जायचं, की त्याला दुसरी बाजू असेल, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

“ते कशानं गेले, हे मी आज सांगू शकत नाही,” मॅडम सावकाश म्हणाल्या. “पण जबडा मागे असला, की झोपेत जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट बंद होते. रात्रभर हे चाललं, तर हृदयावर ताण येतो. तुमची झोपेची तपासणी करायला हवी. मुलीचं ऑपरेशन दोन वर्षांनी केलं तरी चालेल. तुमचं थांबण्यासारखं नाही.”

रिक्षात बसल्यावर आप्पांनी आधी दाढी सारखी केली. मग म्हणाले, “आईला सांगू नको.”

“तपासणीचं?”

“एक्स-रेचं.”

मला हसू आलं. मला वाटलं, मिशीला पीळ देणाऱ्या माणसाचा हा साधा पुरुषी तोरा. मी वचन दिलं, पण त्याच्या बदल्यात तपासणीचा शब्द मागितला. आप्पा म्हणाले, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही.

पुढच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या पार्लरच्या दारावर टकटक झाली. पुरुषांना तिथे मज्जाव होता, म्हणून मी रागानंच दार उघडलं. दारात मगदूम गुरुजी उभे होते. निवृत्त शिक्षक, आप्पांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. गळ्याला कापड बांधलेलं, अर्ध्या चेहऱ्याला साबण आणि अर्धा चेहरा पांढराफटक.

“सारिका,” ते कुजबुजले, “तुझ्या बापाला जरा उठव. मी सुटून आलोय.”

“सुटून म्हणजे?”

“वस्तरा माझ्या कानाखाली टेकवला आणि उभ्या उभ्या झोपला. मी आवंढासुद्धा गिळला नाही, पोरी. पाच मिनिटं णमोकार मंत्र म्हणत बसलो. शेवटी इंचाइंचानं खाली सरकलो आणि खुर्चीच्या पायाशी बसून बाहेर पडलो. तो अजून तसाच उभा हाय, वस्तरा धरून.”

मी जिना उतरून खाली गेले. आप्पा रिकाम्या खुर्चीपाठी उभे होते, वस्तरा हवेत, डोळे मिटलेले. एखाद्या चौकातला पुतळा असावा तसे. मी हळूच त्यांच्या हातून वस्तरा काढून घेतला. त्यांनी डोळे उघडले, खुर्ची पाहिली आणि विचारलं, “गुरुजी कुठं गेले?”

गुरुजी दारातून म्हणाले, “इथंच आहे. देवाच्या कृपेनं.”

मी गुरुजींना डॉक्टरांनी काय सांगितलं ते सगळं सांगितलं. आप्पांना दिलेलं वचन आईपुरतं होतं. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि आप्पांकडे वळले.

“महिपती, तुला मी चौथीला शिकवलंय. तुला हनुवटी नाही, हे आख्ख्या मिरजेला ठाऊक आहे. फक्त तुझ्या बायकोला नाही. त्यात काय एवढं? माझी मान महत्त्वाची, का तुझी दाढी?”

आप्पा खुर्चीत बसले. आरशात त्यांनी स्वतःकडे बघितलं नाही. तीस वर्षांत त्यांच्या वस्तऱ्यानं कुणाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. “पोरी,” ते म्हणाले, “तारीख घे.”

तपासणीसाठी ते एक रात्र अंगभर वायरी लावून दवाखान्यात झोपून आले. अहवाल आला. दर तासाला चाळीस वेळा श्वास अडत होता. मॅडमनी त्यांच्यापुढेही पर्याय मांडले. जबडा पुढे आणायची शस्त्रक्रिया त्यांनाही चालली असती, पण आप्पांनी कानांना हात लावले. रात्री जबडा पुढे धरून ठेवणारी कवळीसारखी वस्तू होती, पण ती अडकवायला आप्पांच्या तोंडात पुरेशा दाढा उरलेल्या नव्हत्या. राहिलं मशीन. नाका-तोंडावर मास्क लावायचा आणि मशीन रात्रभर हवा आत ढकलत राहील, म्हणजे वाट मिटणार नाही.

“एकच गोष्ट,” मॅडम म्हणाल्या. “मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. केसांतून हवा निसटते. दाढी काढावी लागेल.”

मला वाटलं, आप्पा आता उठून जातील. पण ते शांतपणे म्हणाले, “ठीक हाय.” आणि घरी आल्यावर मला म्हणाले, “रविवारी दुपारी दुकान बंद केल्यावर. तू करायची. दुसऱ्या कुणाच्या हातात मी मान देणार न्हाई.”

रविवारी मी शटर अर्धं ओढलं. आप्पा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. कात्रीनं आधी दाट केस उतरवले, मग साबण, मग वस्तरा. मला वस्तरा धरायला त्यांनीच शिकवला होता, फुग्यावर साबण लावून. “फुगा फुटला न्हाई, तर गाल कापणार न्हाई,” म्हणून. माझा हात चालत होता आणि त्यांचं तोंडही.

“सारू, तुला एक सांगू? तू झालीस, दवाखान्यात नर्सनं तुला माझ्या हातात दिलं. मी तोंड बघितलं आणि मला लगेच कळलं, ही माझी हनुवटी.”

माझा हात थांबला.

“तेवढ्यात तुझी आई रडायला लागली. ग्रहण, दोडका, विळी. मी म्हणणार होतो, अगं, तसं न्हाई. पण मग दाढीचं सांगावं लागलं असतं. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, बाळंतीण घरी येऊ दे.” ते हसायला गेले, पण जमलं नाही. “मग ती ग्रहणं पाळायला लागली. दर ग्रहणाला मी तिला उपाशी बसलेली बघायचो. जेवढं लांबलं, तेवढं अवघड झालं.”

तेव्हा मला कळलं, रिक्षात ते कशाला घाबरत होते. मी उरलेली दाढी काढली, तुरटी फिरवली, टॉवेलनं पुसलं. आरशात माझाच चेहरा बसला होता. फक्त तो बावन्न वर्षांचा होता आणि त्याला मिशी होती. मिशीही मास्कखाली येणार होती, म्हणून तीही काढली.

“आईला बोलव,” आप्पा म्हणाले.

आई वाकून शटरखालून आत आली, पदराला हात पुसत. “काय हो, जेवायचं...” आणि थांबली.

तिनं समोरून बघितलं. मग बाजूला जाऊन बघितलं. मग माझी हनुवटी दोन बोटांत धरून माझं तोंड बाजूला वळवलं, पुन्हा आप्पांकडे बघितलं. कापड दुकानात दोन पोतांचा मेळ बसवावा, तसा तिनं आम्हा दोघांचा मेळ बसवला.

“म्हणजे,” ती सावकाश म्हणाली, “वन्सं तोंडाला पदर लावून बोलायच्या, ते लाजून न्हाई?”

“न्हाई,” आप्पा म्हणाले.

“आणि मामंजींच्या फोटोत एवढी दाढी?”

“तेच.”

“आणि दोडका?”

आप्पांनी मान खाली घातली. खाली घालायला आता हनुवटीही आड येत नव्हती आणि दाढीही. “शालन, दोडक्याचा काही संबंध न्हाई. मला पयल्या दिवसापासनं म्हाईत होतं.”

आई खुर्चीच्या हातावर टेकली. मला वाटलं, आता ही रडेल किंवा ओरडेल. ती बोटं मोजत होती. “चोवीस वर्षं. मला दोडक्याची भाजी आवडायची ओ. चोवीस वर्षं मी घरात दोडका आणला न्हाई.”

“चुकलं माझं.”

“ग्रहणाच्या दिवशी माझं डोकं दुखायचं, तर तुम्ही बाम लावायला यायचा! सांगायला तोंड न्हवतं?”

“तोंड होतं,” मी म्हणाले, “हनुवटी नव्हती.”

आईच्या तोंडून एक फुसकन आवाज आला आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग नुसतंच पाणी येत राहिलं. आप्पांनी टॉवेल पुढे केला. तो तिनं घेतला, डोळे पुसले आणि निकाल दिला.

“पुन्हा दाढी वाढवायची न्हाई. मशीन असू दे, नसू दे. रोज सकाळी ही हनुवटी मला समोर दिसायला पाहिजे. तुमचं चुकलं ते रोज बघणार मी.”

त्या दुपारी जेवण झाल्यावर आप्पा पहिल्यांदा मास्क लावून झोपले. मशीनचा बारीक सुस्कारा सोडला, तर घरात आवाज नव्हता. आम्ही दोघी बाहेर बसलो होतो. पाच मिनिटांनी आई उठली, आत गेली, आप्पांना गदागदा हलवलं. “अहो, हायसा न्हवं?” आप्पांनी मास्कमधून काहीतरी म्हटलं. आई परत आली. पुन्हा पाच मिनिटांनी गेली. चार वेळा उठवल्यावर आप्पा मास्क काढून म्हणाले, “आधी श्वास झोपू देत नव्हता, आता बायको झोपू देत न्हाई!”

महिन्याभरात ते दुकानात दिवसभर जागे राहू लागले. गुरुजीही परत आले. पहिल्या दोन-तीन वेळा त्यांनी सोबत नातवाला आणून खुर्चीशेजारी उभं केलं, पण मग तो बंदोबस्तही हटला.

राहिले मी. हेरवाडकर मॅडमकडे पाचरेसाठी नाव द्यायचं होतं, दिवाळीला दोन महिने होते. आईनं या खेपेला अट घातली नाही. नुसती म्हणाली, “तुझं तू ठरव. माझं ठरवणं दोडक्यापर्यंतच असतंय.”

मी आप्पांना विचारलं. ते वस्तऱ्याचं पातं बदलत होते. पातं बसवून झाल्यावर म्हणाले, “लोकांना वरून सजवणं हा आपला धंदा हाय, सारू. लाज न्हाई त्यात. पण मी स्वतःलाही वरूनच सजवलं, आणि आत माझा गळा आवळत होता. मला पत्ताच न्हाई. तुझा श्वास पुढं कसा असेल, मला ठाऊक न्हाई. तू पेरू कसा खातीस, तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. एवढंच सांगतो.”

मी तिसरा पर्याय घेतला. दातांना तारा लावल्या. इचलकरंजीचं स्थळ दिवाळीत आलं, मी तारांसकट हसले, ते परत गेले ते गेलेच. मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. दीड वर्ष मी तारा लावून नवऱ्या सजवल्या. लहान मुलं माझ्याकडे बोट दाखवायची, मी त्यांना दात दाखवायचे. लग्न पुढे झालं माझं, पण त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही.

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. सकाळी आत नेलं आणि दुपार टळताना मी पूर्ण शुद्धीवर आले. तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं, वरचे आणि खालचे दात रबरांनी बांधलेले होते, ओठ कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे. खोलीतला आरसा नर्सनं आधीच काढून नेला होता. आई डबा आणायला घरी गेली होती. पलंगाशेजारी स्टुलावर आप्पा बसले होते, गुळगुळीत दाढी केलेले, टक्क जागे.

बोलता येत नव्हतं, म्हणून उशाशी पाटी ठेवलेली होती. मी वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, “कशी दिसते?”

आप्पांनी पाटी वाचली. मग धंदेवाईक नजरेनं डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला बघतात तसं.

“आत्ता काही सांगता येत न्हाई,” ते म्हणाले. “सूज उतरू दे.”

मी पाटीवर दुसरा प्रश्न लिहिला, “मग इतका वेळ काय बघत बसलाय?”

“बघत न्हाई,” आप्पा म्हणाले. त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला. “दुपारपासनं तू झोपली होतीस. मी ऐकत बसलोय. एकदाही अडला न्हाई.”